उतरवलेला भोंगा

आमच्या सोलापुरातल्या घरामागे मशीद आहे. तिथल्या पहाटेच्या अजानवर मी उठायचो. मग परवानगीच्या नियमावर बोट ठेवून पोलिसांनी भोंगा उतरवला आणि मला ऑफिसला उशीर होऊ लागला.

अजान देणारे म्हातारे चाचा रोज कोपऱ्यावर बशीतला चहा फुंकत बसायचे. सगळं नुकसान माझंच झाल्यासारखा मी तिथं गेलो.

"चाचा, तुमचा आवाज आता येत नाही."

"अल्लाला जातोय की. पण घरी अम्मी अंथरुणाला खिळलीय, भोंग्याबिगर तिला ऐकू जात न्हाय. बाळ जन्मलं की कानात अजान देतात ना, तशी आता रोज अम्मीच्या कानात देतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमचं काय काम होतं, साहेब?"

"काही नाही, चाचा," म्हणत मी मोबाइलवर पहाटेचा गजर लावला.