हँडलच्या टोकाचा आरसा

विलास गायकवाड गेला त्याला आता सहा आठवडे झाले. त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. कामावर निघालेला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच बाजूला कलंडला. चौपन्न हे काय वय आहे का जायचं? मी कोपरला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा त्याची काळी सायकल नेहमीसारखी जिन्याखाली उभी होती आणि हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली होती. मी उगाच डब्याला हात लावून बघितला. अजून कोमट होता...

पुढे बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. शाळेपासूनचा मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बोललो, आणि चांगलं बोललो. विमा कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस मी, बोलण्यात कुठे कमी पडणार! शेवटी मी म्हणालो, "विलासने अख्ख्या आयुष्यात मदतीसाठी कुणापुढे हात वर केला नाही." लोकांनी माना डोलावल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कार्यक्रम संपल्यावर सुनंदावहिनी, म्हणजे विलासची बायको, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, किती छान बोललात. असंच लिहून पेपरात द्या ना. त्यांचं नाव छापून येईल." मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतलं तर ते एक वाक्य काही केल्या कागदावर उतरेना. कारण ते खोटं आहे. विलासने हात वर केला होता. एकदाच, आणि माझ्याकडे बघून. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता.

तर आता पहिल्यापासूनच सांगतो. डोंबिवली पश्चिमेच्या शाळेत आम्ही पाचवीपासून एका बाकावर. तो मला पश्या म्हणायचा, मी त्याला विल्या. दहावीनंतर तो आयटीआयला गेला आणि मानपाड्याकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. तेव्हापासून कोपर ते मानपाडा रोज सायकलने. मी ठाण्याच्या ऑफिसात एसीखाली खुर्ची गरम करत राहिलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखरेचा रिपोर्ट हातात ठेवून डॉक्टर म्हणाले, "काहीतरी व्यायाम सुरू करा, साहेब." मी लगेच दुकानात जाऊन एक लालभडक रोड बाइक पसंत करून आलो. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, आणि माझ्या ऐपतीच्या चांगलीच बाहेरची. विल्याला फोटो दाखवला. त्याने विचारलं, "साइज काय?" मी म्हटलं, "साइज? सायकलला कसली साइज?" तो इतका हसला की बनियनने डोळे पुसावे लागले. "अरे बावळट, चप्पल घेताना नंबर बघतोस ना? मग?"

त्या संध्याकाळी त्याने मला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, दोन मांड्यांच्या मध्ये माझ्या मुलाचा जाडजूड शब्दकोश घट्ट वर सरकवला आणि शब्दकोशाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. आमची ही दारात उभी राहून खोखो हसत होती. जमिनीपासून रेघेपर्यंतचं माप टेपने घेऊन त्याने वहीत लिहिलं. म्हणाला, "आधी माप, मग फ्रेम, मग चाकं, मग गिअर. रंग सगळ्यात शेवटी. आणि नवी कशाला पाहिजे तुला? लोक हौसेने महागाच्या सायकली घेतात, चार रविवार चालवतात आणि मग बाल्कनीत त्यांच्यावर टॉवेल वाळत घालतात. आपल्याला तशी एक शोधायची आहे. टॉवेलवाली."

आणि शोधलीच त्याने. दोन महिने लागले. तीन सायकली मला मनापासून आवडल्या, त्या त्याने माप बसत नाही म्हणून नाकारल्या. मी वैतागून म्हटलं, "विल्या, मला काय शर्यत मारायची आहे का?" तर म्हणाला, "गुडघे तुझे जातील, शिव्या मला पडतील." शेवटी ठाण्यात घोडबंदर रोडला एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर, खरोखर टॉवेलाखाली, आमची सायकल सापडली. करडी, ॲल्युमिनियमची, गिअर साधेच. विल्याने ती तिथेच उलटी केली, चाक फिरवून ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेला, फ्रेमच्या प्रत्येक जोडावरून डॉक्टर पोट तपासतो तसं बोट फिरवलं. मालक बिचारा चहाचा ट्रे घेऊन ताटकळत उभा. अर्ध्या तासाने विल्या म्हणाला, "घे." फक्त टायर त्याने जरा रुंद घालायला लावले. आपल्या रस्त्यांवर बारीक टायर म्हणजे दर आठवड्याला पंक्चर, असं त्याचं म्हणणं.

मग आमचे रविवार सुरू झाले. पहाटे कोपरहून निघायचं, कल्याण, शहाड, मोहने करत टिटवाळा, नाहीतर मुरबाड रोडने जाता येईल तितकं. तो त्या काळ्या लोखंडी धुडावर पुढे, मी मागे. काय सांगू त्या दिवसांचं! पहिले पंधरा दिवस नको तिथे दुखलं, ते सोडा. पण एकदा पाय गोल फिरायला लागले, योग्य वेळी गिअर पडायला लागला आणि उतारावर टायरचा तो बारीक गुणगुण आवाज यायला लागला, की सत्तेचाळीस वर्षांचा विमा अधिकारी कुठल्या कुठे जायचा. मी एकटाच मोठमोठ्याने हसायचो. विल्याने मला रस्त्याचे कायदे शिकवले. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. थांबायचं असेल, काही अडलं असेल, तर हात सरळ वर करायचा. आणि पुढच्याने सारखं मागे बघायचं. "मागचा दिसत नसेल तर पुढे जायचं नाही. मग कितीही उशीर होऊ दे."

पुढे राहायची पाळी माझी आली की पंचाईत व्हायची. माझ्या मानेला मणक्याचा त्रास, मागे वळून बघितलं की सायकल डगमगायची. ते पाहून त्याने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर ॲल्युमिनियमचं एक बूच कातलं, हँडलच्या टोकात घट्ट बसेल असं, आणि त्यावर रुपयापेक्षा थोडा मोठा गोल आरसा बसवला. "आता मान वळवायची गरज नाही. फक्त डोळे खाली कर, मी दिसेन." आणि खरंच दिसायचा. इवलासा विल्या, पॅन्टच्या पायाला कपड्याचा चिमटा लावलेला, संथ पायडल मारत...

पाचेक वर्षांनी मला एका सायकल ग्रुपने आत घेतलं. सगळे एकसारख्या जर्सीतले, कुणी डॉक्टर, कुणी बिल्डर. माझ्या सायकलीपेक्षा त्यांची एकेक चाकं महाग. तिथे मला साहेब म्हणायचे आणि मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू? आरशावरून मात्र चेष्टा व्हायची. "अंकल, कुणाच्या स्कूटरचा उचललात?" मी पण हसायचो. विल्याला हे सगळं सांगायचो, तेव्हा एकदा तो म्हणाला, "मला पण ने की रे एकदा तुझ्या लोकांत." मी जरा घुटमळलो. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे. पण नेलं.

टिटवाळ्यापर्यंत तो त्या काळ्या सायकलवर सगळ्यांच्या बरोबरीने आला. बिल्डरची तर दमछाक झाली. चहाच्या टपरीवर आमच्या पुढाऱ्याने, म्हणजे जो सगळ्यांची वेळ लावायचा त्याने, मला विचारलं, "हे कोण? तुमचे?" विल्या हातभर अंतरावर ग्लास धरून उभा होता. आणि मी म्हणालो, "सायकलचं सगळं हेच बघतात माझं."

चाळीस वर्षांच्या मित्राला मी 'हे' म्हणालो. मित्र हा शब्द साधा दोन अक्षरांचा, तोंडातून बाहेर पडला नाही. विल्या हसला, मान डोलावली आणि चहा संपवून खरंच दोघातिघांचे ब्रेक सारखे करून दिले. मी ते बघत उभा राहिलो.

परत येताना मोहन्याच्या जुन्या कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी मी सहज आरशात बघितलं. विल्या उतरला होता. एका हातात सायकल, दुसरा हात सरळ वर. त्याने शिकवलेला तसाच. पुढे जर्सीवाले वेगात होते, त्या दिवशी मोबाइलवर वेळ चांगली पडत होती. मी ओरडलो असतो तर सगळे थांबले असते, माझ्या 'हे'साठी. मी पुन्हा एकदा आरशात बघितलं, नीट बघितलं. हात वरच होता. आणि मी पायडल मारलं. पुढे वळण आलं आणि तो दिसेनासा झाला.

संध्याकाळी मेसेज टाकला, 'पोचलास ना?' त्याने अंगठा पाठवला. पुढचे दोन दिवस मला सायकलकडे बघवेना. मंगळवारी पकड घेतली आणि तो आरसा उपटून ड्रॉवरमध्ये टाकला. लाज वाटली तर माणूस माफी मागतो; मी आरसा काढला!

पुढच्या रविवारी बेल वाजली तर दारात विल्या. खिशात पान्यांचा जुडगा. वाटलं, आता विचारणार, आणि विचारलं तर काय सांगायचं याचं उत्तरही मी तयार करून ठेवलं होतं. पण तो सरळ बाल्कनीत गेला.

"आरसा कुठाय रे पश्या?"

"काढला. लोक हसतात."

त्याने हँडलच्या टोकातल्या रिकाम्या भोकाकडे बघितलं. "बरं," म्हणाला. मग आलोच आहे तर म्हणून एक फडकं मागितलं, चेन पुसून तेल घातलं, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर आठ महिने आम्ही फोनवर बोललो, एका लग्नात भेटलो, पण 'रविवारी येतोस का' हे ना तो म्हणाला, ना मी. मी मनात म्हणायचो, विल्या रागावलाय, आपणहून बोलेल. अरे, तो कशाला बोलेल? बोलायचं होतं मी. आणि माझ्याकडे आठ महिने होते.

हे सगळं लिहून झालं, पण वहिनींना न सांगता छापायला देणं मला जमेना. गेल्या बुधवारी कोपरला गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, मी तिथे बोललो ते खरं नव्हतं. त्याने मोहन्याला एकदा मला हात केलेला."

"तो पंक्चरचा दिवस ना?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "पंप नेमका घरी राहिलेला. शहाडपर्यंत सायकल हातात धरून आणली. दुपारी दोनला घरी आले, घामाने नुसते निथळत होते."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"तुमच्याबद्दल काय म्हणणार? म्हणाले, पश्याला मी दिसलोच नाही. आरसा मीच तिरका बसवला असणार. रविवारी जाऊन नीट करून येतो."

माझी मान खाली गेली. वहिनींचा हात मेथीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भाऊजी... म्हणजे तुम्हाला दिसलेलं?"

मी म्हणालो, "हो."

त्या पुन्हा खाली बघून काड्या आणि पानं वेगवेगळी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं लिहा मग. त्यांचं काम खोटं नव्हतं, हे तरी लोकांना कळू दे." त्यांनी चहा केला नाही आणि मी बसूनही राहिलो नाही.

काल सकाळी ड्रॉवरमधून आरसा काढला. पकडीने बुचावर दोन ओरखडे पडलेत, पण ते टोकात दाबताच पहिल्यासारखं घट्ट बसलं. मग मी एकटाच त्या रस्त्याने मोहन्यापर्यंत गेलो आणि त्या भिंतीपाशी पोचल्यावर डोळे खाली केले. भिंत दिसली, कडेचं गवत दिसलं, मागचा अख्खा रस्ता पार टोकापर्यंत दिसला. आरसा तिरका नव्हता रे विल्या. अजिबात तिरका नव्हता.