मामांची पारख

सैन्यात अधिकारी निवडण्यासाठी जी केंद्रं असतात, त्यांतल्या एका केंद्राच्या मेसमध्ये मामा मुख्य वाढपी होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत ते स्वतःला मेसप्रमुख म्हणवून घेत, पण काम वाढप्याचंच. पांढरे हातमोजे, पितळी बटणांचा कोट, डाव्या बाजूने वाढायचं आणि उजव्या बाजूने उचलायचं. अर्धं आयुष्य त्यांनी तिथे घालवलं. कितीतरी साहेब आले नि गेले, पण मामांचं खरं नाव काय हे एकानेही विचारलं नाही. एखाद्याला याचं वाईट वाटलं असतं. मामांना अभिमान वाटायचा. आपल्याला साहेब लोक घरचाच माणूस समजतात, असा टेंभा ते गल्लीभर मिरवत.

केंद्रात येणाऱ्या मुलामुलींची म्हणे बुद्धी, धैर्य आणि नेतृत्व तपासलं जायचं. त्यांना कोडी घालत, चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावत, मैदानात दोर, फळ्या आणि पिंप देऊन खड्डा ओलांडायला सांगत. शेवटच्या दिवशी दुपारी साहेबांबरोबर एका टेबलावर जेवण असे. "जेवण ही परीक्षा नाही, मोकळेपणाने जेवा," असं थोरले साहेब, म्हणजे निवड मंडळाचे अध्यक्ष, प्रत्येक तुकडीला हसून सांगत. ती शुद्ध थाप होती. खरी परीक्षा त्या टेबलावरच व्हायची, आणि परीक्षक होते मामा.

हे सुरू झालं गमतीगमतीत. पूर्वीच्या एका साहेबांनी कॉफी पिता पिता विचारलं होतं, काय मामा, यातला आपल्यात शोभेल असा कोण? मामांनी सूप आवाज करत पिणाऱ्या एका पोराचा छातीवरचा नंबर सांगून नाक मुरडलं. साहेब खूश झाले आणि तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. जेवून मुलं बाहेर गेली की साहेब लोक शेजारच्या खोलीत कॉफीला बसत, मामा कप फिरवत आणि कप फिरवता फिरवता निकाल देत. निकालाच्या शेवटी त्यांचं स्वतःचं एक वाक्य असे: "घर लपत नाही, साहेब."

या वाक्याने किती पोरांची माती केली कुणास ठाऊक. पाव सुपात बुडवणारा गेला. ताटात कण उरू न देणारी गेली. उठून स्वतःचं पाणी स्वतः घेणारा गेला. वाढणाऱ्याला दर वेळी धन्यवाद म्हणणारा एक शिंप्याचा मुलगा होता, मैदानात सगळ्यांत पुढे असलेला. त्यालाही मामांनी कॉफीच्या कपाबरोबर घरी पाठवला. जणू शत्रू काटे-चमचे घेऊनच चाल करून येणार होता. आणि ही पारख करणारा माणूस स्वतः स्वयंपाकघरामागे स्टुलावर बसून, रश्शात पाव बुडवून, बोटं चाटत जेवायचा. म्हणून तर त्याची नजर चुकत नसे. ज्या घरातून ती पोरं आलेली असत, त्याच घरातून तोही आला होता, आणि ते घर साहेबांपेक्षा त्यालाच जास्त खुपत होतं.

मामांना एकच मुलगी. तिने शाळेत असतानाच ठरवलं होतं की आपण अधिकारी व्हायचं. लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि तिला बोलावणं आलं ते नेमकं वडिलांच्याच केंद्राचं. मामांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी घरातल्या दुमडत्या टेबलावर तिची शिकवणी सुरू केली. पाठ ताठ, कोपरं आत, सुपाचा चमचा आपल्यापासून पलीकडे न्यायचा, ताटात थोडं टाकायचं. बायको म्हणायची, अहो, पोरीला लढायला पाठवताय की जेवायला? मामा तिच्याकडे दुर्लक्ष करत. त्यांच्या मते तिला यातलं काही कळत नव्हतं.

एक धडा मात्र मुलीला काही केल्या जमेना. वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

"वाढपी म्हणजे भिंत," मामा म्हणाले. "भिंतीकडे बघून कुणी हसतं का?"

"आणि वाढायला तुम्ही आलात तर?"

"तर मी भिंत. केंद्रात मी तुझा कुणी नाही, लक्षात ठेव."

लहानपणापासून सुट्टीत मुलगी त्यांच्याबरोबर लग्नांच्या पंगतींत वाढायला जात आली होती. ट्रे तळहातावर कसा तोलायचा, अंगठा काठाला कसा लागू द्यायचा नाही, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. ते आता विसरून जा, असं सांगायचं तेवढं राहून गेलं.

केंद्रात तिला नऊ नंबर मिळाला. तिच्याच गटात एका निवृत्त सेनापतींचे चिरंजीव होते. मैदानात चिरंजीवांनी मोठमोठ्याने हुकूम सोडले, फळी उलटी टाकली आणि पिंपासकट खड्ड्यात गेले. नऊ नंबरने फळी सरळ केली, दोराला गाठ मारली आणि पिंपाबरोबर चिरंजीवांनाही वर काढलं. मंडळाचं मत पडलं की चिरंजीवांचं व्यक्तिमत्त्व रुबाबदार आहे आणि नऊ नंबर कामसू आहे. कामसू हा त्या खोलीत शिवीच्या जवळचा शब्द होता. तरीही बाकीच्या परीक्षांत ती इतकी पुढे होती की तिला वगळायला निमित्त सापडेना. थोरले साहेबच तसं म्हणाले आणि मामांच्या कानावर ते पडलं. आता फक्त जेवण उरलं होतं.

जेवायला ती अशी बसली की मामांची छाती फुगली. एक चूक नाही. समोर चिरंजीव कोपरं टेबलावर रोवून, तोंडात घास असताना, सूप भुरकत बोलत होते. शिंप्याच्या मुलाने असं केलं असतं तर त्याचं सामान बांधून झालं असतं. चिरंजीवांच्या बाबतीत तो मोकळेपणा होता, आणि खरं सांगायचं तर मामांनाही तो भारी वाटला. जन्मजात साहेब असा असतो, असं त्यांच्या मनात आलं.

मामा सुपाचं दुसरं भांडं ट्रेमध्ये घेऊन आले. चिरंजीव कसलासा विनोद सांगत होते. रंगात येऊन त्यांनी हात मागे फेकला, तो मामांच्या कोपराला लागला आणि ट्रे कलंडला. टेबलावरचे सगळे मागे सरले, आपापले कपडे सांभाळत. नऊ नंबर तेवढी उठली. तिने दोन्ही तळहात ट्रेखाली घातले, अंगठे काठापासून दूर ठेवून, आणि भांडं पडता पडता तोललं. थोडं गरम सूप मामांच्या मनगटावर सांडलं.

"भाजलं का?" तिने हळूच विचारलं. विचारताना सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

मामांनी भिंतीसारखं तोंड केलं. ती खाली बसली. चिरंजीवांचा विनोद मध्ये तुटलाच नव्हता.

कॉफीच्या खोलीत थोरले साहेब खुशीत होते. निमित्त सापडलं होतं.

"नऊ नंबरने ट्रे कसा धरला पाहिलात का? अंगठे बघा, अंगठे. हे हात शिकलेले आहेत. कुठल्यातरी वाढप्याची पोरगी असणार. काय मामा?"

सगळे मामांकडे वळले. मनगट चुरचुरत होतं. "हो साहेब, माझीच," एवढं म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. फार तर त्या शहाण्यांची तोंडं क्षणभर पडली असती. तेही नको होतं तर गप्प राहता आलं असतं, ज्या गप्प राहण्याचा त्यांना पगार मिळत होता. पण इतक्या वर्षांत साहेबांनी विचारलं आणि मामा साहेबांबरोबर हसले नाहीत असं कधी झालं नव्हतं. मामा तेव्हाही तसेच वागले. त्यांनी दात काढले.

"घर लपत नाही, साहेब."

खोलीत हशा पिकला. रिकामे कप उचलून मामा वळले, तर दारात मुलगी उभी होती. हातात गार पाण्यात भिजवलेला रुमाल होता, त्यांच्या मनगटासाठी आणलेला. तिने तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

दुपार कलताना पटांगणात पास झालेल्यांचे नंबर वाचले. चिरंजीवांचा वाचला. नऊ वाचला नाही.

संध्याकाळी मामा घरी पोचले तेव्हा बायको मुलीला विचारत होती. झालं नाही म्हणजे काय? का नाही झालं?

"काय माहीत," मुलगी म्हणाली. "काहीतरी चुकलं असेल माझं."

तिने वडिलांचं नाव घेतलं नाही. मामांना ते शिव्या घातल्यापेक्षा जड गेलं. काहीतरी करायला हवं म्हणून ते उठले. केंद्रात दिवसभर वाढतो, घरी डाव धरणार नाही, असा त्यांचा लग्नापासूनचा हट्ट होता. आज त्यांनी बायकोच्या हातातून डाव घेतला आणि पातेलं घेऊन मुलीजवळ गेले. पाय आपोआप तिच्या डाव्या बाजूला थांबले.

मुलीने पाठ ताठ केली. कोपरं आत घेतली. त्यांनी वाढलं, ती जेवू लागली. ना चमच्याचा आवाज, ना घासाचा. मामा तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"थोडं अजून वाढू का गं?" त्यांनी विचारलं.

तिने बोटं जराशी उचलली, नको म्हणून. मान वर केली नाही. शेवटी ताटात थोडं टाकलं, चमचा नीट आडवा ठेवला आणि समोर बघत बसली, त्यांनी उजव्या बाजूने ताट उचलायची वाट पाहत.

मामांनी जन्मभर माणसं जेवताना पाहिली होती. इतकं बिनचूक जेवताना त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं.