बसून करायचं काम

माझं शेवटचं पोस्टिंग पुणे. उत्तरेकडच्या एका घाटात आमची गाडी दरीत गेली. ड्रायव्हर हरपाल सिंग आणि माझ्या शेजारी बसलेला शिपाई तुकाराम मोरे जागीच गेले. मी वाचलो. कमरेखालची जाणीव मात्र गेली ती कायमची. काही महिने लष्करी इस्पितळात काढल्यावर ऑर्डर निघाली. हवालदार गायकवाड यांना पुण्याच्या पुनर्वसन केंद्रात हलवण्यात येत आहे.

मी पुण्याचाच. वडील स्वारगेट डेपोत मेकॅनिक होते. ते वारल्यापासून आई बिबवेवाडीच्या घरी एकटीच. नोकरीभर मी पुण्याजवळचं पोस्टिंग मागत आलो होतो. मिळालं ते असं.

मणक्याला मार लागलेल्या जवानांसाठी ते केंद्र होतं. आम्ही सगळे व्हीलचेअरवर. शिस्त मात्र युनिटचीच. सकाळी लवकर उठायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रभर ठरल्या वेळी कूस बदलून दिलेली असायची. मग आंघोळ, चहा, फिजिओथेरपी, दुपारी वर्कशॉप, संध्याकाळी खुर्चीवरून बास्केटबॉल. यातलं मी काहीच करत नव्हतो. भिंतीकडे तोंड करून पडायचो. जेवण आलं तर खायचो, नाही आलं तर मागायचो नाही.

पहिल्याच सकाळी एक खुर्ची माझ्या बेडला येऊन धडकली.

"सलाम, हवालदारसाहेब. नाईक शामुवेल साळवे, सिग्नल्स. गाव राहुरीकडं. नशीब काढलंत, खिडकीजवळचा बेड मिळाला. मला आल्या आल्या बाथरूमशेजारी टाकलं होतं."

मांडीवरच्या ट्रेमध्ये दोन कप चहा होता. अँटेनाचा खांब उभारताना साळवे वरून पडला होता. ते तो हसत सांगायचा. "सिग्नल एकदम क्लिअर आला साहेब, मीच खाली आलो."

आम्ही दोघंही ख्रिस्ती. फरक एवढाच की मी नावापुरता होतो. लहानपणी आईबरोबर उपासनेला जायचो, पुढं रजेवर आलो की नाताळला. साळवेचं वेगळं होतं. पहाटे तो भजन म्हणायचा. आवाज बेसूर होता. शेजारचा एक सुभेदार त्याला रोज सांगायचा, "साळवे, देव बहिरा नाही." साळवे म्हणायचा, "म्हणूनच तर हळू म्हणतोय, साहेब." नवीन माणूस केंद्रात आला की पहिला चहा साळवेच्या हातचा. उपदेश कधी नाही. नवा माणूस शिव्या देत असेल तर साळवे त्या ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा घेऊन जायचा.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, "तुला राग येत नाही?"

"येतो ना. सकाळी उठल्यावर पायांकडं बघितलं की येतो."

"पाय परत येतील असं वाटतं तुला?"

"नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"मग आशा कसली घेऊन बसलास?"

साळवेनं खुर्चीचा ब्रेक लावला. त्याला नीट बोलायचं असलं की तो ब्रेक लावायचा.

"प्रभू मेला आणि उठला. मला हे खरं वाटतं. गोष्ट म्हणून नाही, बातमी म्हणून. हे खरं असेल तर माझं हे मोडकं शरीर म्हणजे शेवटचा हुकूम नव्हे. पुढं काही आहे. मग मधल्या वेळात कामाला का लागू नये?"

"आणि बातमी खोटी निघाली तर?"

"मग तुमच्यासारखा भिंतीकडं तोंड करून पडेन. भिंत काही कुठं जात नाही."

मला राग आला. मी कूस बदलायला गेलो, तीही स्वतःची स्वतः बदलता येईना. साळवेनंच हात दिला.

तो पावसाळा मोठा होता. धरणं भरली, पाणी सोडलं आणि नदीकाठच्या वस्तीत शिरलं. प्रशासनानं लष्कराची मदत मागितली. सकाळी इंजिनिअर्सची तुकडी तीन बोटी घेऊन आली. आमचं केंद्र वस्तीच्या वरच्या अंगाला, उंचावर. जनरेटर होता, मोठा हॉल होता. तुकडीच्या कॅप्टनसाहेबांनी कंट्रोल रूम तिथंच उघडली.

माणसं कमी पडत होती. वायरलेस ऑपरेटरलाही बोटीवर पाठवावं लागणार होतं. मग सेटवर कोण बसणार?

साळवे खुर्ची ढकलत पुढं गेला.

"सर, मी सिग्नल्सचा आहे. सेट मला द्या."

कॅप्टनसाहेबांनी एकदा खुर्चीकडं पाहिलं. "दिवसभर जमेल?"

"सर, बसून करायचं काम आहे. बसायची आम्हाला प्रॅक्टिस आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. कॅप्टनसाहेबही हसले. "ठीक आहे. अजून कोण?"

"हवालदार गायकवाड, सर. पुण्याचे आहेत. नकाशावर बसवा."

मला कुणी विचारलं नाही. दोन जवानांनी मला उचलून खुर्चीत बसवलं आणि वस्तीचा नकाशा पुढं ठेवला. गाडी दरीत गेल्यापासून मला कुणी हुकूम दिला नव्हता. मी पेन्सिल उचलली.

दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. बोट वन शाळेकडून, बोट टू मशिदीच्या गल्लीतून, बोट थ्री पुलाच्या बाजूनं. बोटी माणसं आणत होत्या, साळवे बोलत होता, मी नकाशावर खुणा करत होतो. सेटवरचं बोलणं हिंदीत व्हायचं. इथं मराठीत देतो.

मग एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. आधी बोट टूवरून नाईक बलविंदरचा आवाज आला.

"कंट्रोल, बोट टू. वरच्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी. टेलरिंगचं दुकान. बाईला लकवा आहे. म्हणते, याला घेऊन जा, मला इथंच राहू दे. म्हातारा तिच्याशिवाय हलत नाही. पाणी निम्म्या जिन्यापर्यंत आलंय. ओव्हर."

साळवे उत्तर देणार तोच दुसऱ्या सेटवर बोट थ्री ओरडली. इंजिन बंद पडलं होतं. बोट पुलाच्या दिशेनं वाहत होती आणि बोटीत माणसं होती.

साळवेनं एक क्षणही घालवला नाही. बोट टूचा सेट त्यानं माझ्या हातात कोंबला.

"तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"खरं तेच बोला." आणि तो बोट थ्रीकडं वळला. "बोट थ्री, कंट्रोल. वल्ही काढा, डावा काठ धरा. बोट वन, सगळं सोडून पुलाकडे. ओव्हर."

मी बटण दाबलं. बलविंदरला सांगितलं, सेट बाईंच्या कानाशी धर आणि मी थांबलो की बटण तू दाब. त्यानं नावं सांगितली: म्हातारा युसुफभाई, बाई हमीदा.

"चाची, मी हवालदार गायकवाड बोलतोय. माझेही पाय गेलेत. कमरेखाली काही कळत नाही."

बलविंदरनं बटण दाबलं. मग एक थकलेला आवाज आला.

"आता चालतोस?"

"नाही. चालणारही नाही."

"मग मला कशाला बोलावतोस, बेटा? मी ओझं आहे. याला ने."

हे वाक्य माझं होतं. इस्पितळात मी आईला हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. त्यावर मला काय ऐकायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"चाची, मीही असंच म्हणायचो. रोज म्हणायचो. इथं एक माणूस आहे, त्यानं मला सोडलं नाही. आज सकाळी त्याच्या सांगण्यावरून मला उचलून खुर्चीत टाकलं आणि बोटींच्या कामाला लावलं. तुमच्याशी बोलायचं काम माझ्यासाठी ठेवलं होतं, हे सकाळी मला माहीत नव्हतं. तुमच्यासाठी उद्या काय ठेवलंय, तेही तुम्हाला माहीत नाही. ते ठरवायचं काम पाण्याचं नाही."

मी बटण सोडलं नाही.

"ओझं आहात का, ते मला विचारू नका. चाचांना विचारा."

तिकडून युसुफभाईंचा आवाज आला. सेटपासून लांब होता, पण चढा होता. "हिला सांगा, मी उठणार नाही! बुडू दे दोघांना!"

"ऐकलंस?" हमीदाचाची म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून असाच हट्टी." मग जरा थांबून, "बरं. येते. पण आधी माझी ओढणी नीट करा."

पुढचं मला सांगता येत होतं, कारण ते रोज माझ्या अंगावरून जात होतं. "बलविंदर, काखेत हात घालून ओढू नका. दुकानात कापड बेतायचं टेबल असेल, त्याची फळी काढा. चाचींना त्यावर घ्या. डोक्याखाली आणि टाचांखाली कपडे. कापडाच्या पट्ट्यांनी छातीशी आणि गुडघ्यांशी बांधा. घट्ट नको. उतरताना डोकं वरच्या बाजूला. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मग सेट गप्प झाला. मी हाक मारली नाही, कारण हात मोकळे नसणार. शेजारी साळवे बोट थ्रीला शांतपणे काठाशी धरून ठेवत होता. बोट वन पोचली, दोर फेकला, दोर लागला. त्या बाजूनं सुटकेचा आवाज आला. माझ्या बाजूनं काहीच नाही. मी बऱ्याच वर्षांनी प्रार्थना केली. शब्द आठवत नव्हते. नुसतं दोघांचं नाव घेत होतो.

सेट खरखरला.

"कंट्रोल, बोट टू. सगळे बोटीत. म्हातारी सांगतेय, इंजिन हळू चालव, ही काय शर्यत आहे का. ओव्हर."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साळवेनं माझ्या खुर्चीला खुर्चीनं धक्का दिला. माझे डोळे भरले होते आणि मी हसत होतो.

थोड्या वेळानं हमीदाचाची फळीवरूनच हॉलमध्ये आल्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, नाकात चमकी. "कोण तो हवालदार?" म्हणाल्या. मी खुर्ची पुढं घेतली. त्यांनी मला निरखून पाहिलं. "आवाजावरून धिप्पाड वाटला होतास," म्हणाल्या आणि चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

त्या घराची मागची भिंत संध्याकाळी पडली. आत कुणी नव्हतं.

नंतर मी साळवेला विचारलं, "सेट माझ्याकडे मुद्दाम दिलास ना?"

"छे हो, साहेब. बोट थ्री खरंच वाहत होती. मुद्दाम काही नव्हतं." मग मान तिरकी करून म्हणाला, "माझ्याकडून तरी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी फिजिओथेरपीला गेलो. त्यानंतर रोज गेलो. रविवारी आई आली तेव्हा मी तिच्याबरोबर उपासनेला जायचं म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले आणि रिक्षा बोलवायला निघाली. पुढं मी बिबवेवाडीला राहायला गेलो. सोसायटीत रॅम्पसाठी मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "रॅम्पला हरकत नाही, पण दर्शनी भागाची शोभा जाते, त्याचं काय?" मी म्हणालो, "मी रोज तिथून जाईन. शोभा येईल." रॅम्प झाला. आता त्याच्यावर सगळ्यांत जास्त गर्दी सेक्रेटरींच्या नातवाच्या सायकलची असते.

साळवे नंतर काही वर्षं होता. आमच्यासारख्यांना मूत्रपिंडाचा त्रास ठरलेला. त्याचा तो वाढत गेला. शेवटच्या आजारात मी रोज त्याच्याकडे जायचो. दुखायचं, तेव्हा तो कण्हायचा. दुखत नाही असं त्यानं कधी दाखवलं नाही. पण एका सकाळी मला जवळ बोलावून म्हणाला, "साहेब, बातमी खरीच आहे." एवढंच. दोन दिवसांनी तो गेला.

पुण्यातच त्याला माती दिली. ईस्टरच्या सकाळी चर्चची मंडळी कबरस्तानात जमते. राहुरीहून त्याची आई येते. थकली आहे, पण येते. युसुफभाई चाचींची खुर्ची ढकलत येतात. त्यांचा धर्म वेगळा, फुलं मात्र तेच सगळ्यांत जास्त आणतात. मी हरपाल आणि तुकारामचीही नावं घेतो, त्या दोघांची फुलंही साळवेजवळ ठेवतो. मग खुर्चीतच ताठ बसून सॅल्यूट करतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी केंद्रात जातो. नवीन आलेल्यांना भेटतो. परवा एक तरुण शिपाई होता, छताकडे डोळे लावून पडलेला. मला बघून चिडून म्हणाला, "तुम्हाला इथं कुणी पाठवलं?"

"नाईक शामुवेल साळवे यांनी."

"कुठं असतात ते?"

युनिट नव्या ठिकाणी जायच्या आधी काही माणसं पुढं निघतात. जागा साफ करतात, तंबू ठोकतात, मागून येणाऱ्यांची सोय बघतात.

मी खुर्चीचा ब्रेक लावला.

"ॲडव्हान्स पार्टीबरोबर पुढं गेलेत," मी म्हणालो.