एक्स-रेवरचे पांढरे ठिपके

ज्या माणसाबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला, त्याच्या शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता. ही गोष्ट तिथून सुरू होते. कृपेचे अनुभव सांगणारे लोक बहुधा आपल्या श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ त्या दिवसांत सांगण्यासारखी श्रद्धा नव्हती. संशय होता, आणि तो देवावर बसण्याआधी माझ्या यजमानांवर बसला होता.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. आम्ही सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. यजमान कापड गिरणीत फिटर होते. त्याआधी, आमच्या लग्नाच्याही आधी, महायुद्धाच्या वेळी ते फौजेत ट्रक चालवायला होते. फार बोलणारा माणूस नव्हता. सकाळी आंघोळ, शिवपूजा, मग गिरणी, आणि आल्यावर दारात खुर्ची टाकून बसायचं. त्या उन्हाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्या भाकरीवर पाणी पिऊन उठू लागला. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणाले. पुढे पँट कमरेवर राहीना, आणि एका सकाळी उजेडात पाहिलं तर डोळे पिवळे दिसले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "यकृत चार बोटं वाढलंय," ते म्हणाले. "दारू घेता का?" यजमान म्हणाले, "न्हाय." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. "बाई, तुम्ही तरी खरं सांगा. औषध ठरवायला लागतं." मी म्हटलं, आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. पण ते बोलताना मला माझाच आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी तो प्रश्न त्यांच्या कामासाठी विचारला होता, त्यांचा दोष नव्हता. माझ्या मनात मात्र तो शिरला आणि तिथेच राहिला.

आधी डॉक्टरांना वाटलं, यकृताला गळू झालंय. आमच्या भागात ते दुखणं पुष्कळांना व्हायचं. दोन आठवडे इंजेक्शनं झाली, उतार पडेना. मग पू काढायला पोटात सुई घातली, तर पू आलाच नाही, काळपट रक्त आलं. ते लगेच थांबले. तेव्हापासून पुन्हा दारूचा विषय निघू लागला. त्यातच माझे धाकटे दीर भेटायला आले आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, "वैनी, मिलिटरीत राहिलेला माणूस हाय. तितं रम वाटतात की. सवय लागली तर सुटती व्हय?"

मी यजमानांची ट्रंक उघडून पाहिली. ते झोपले असताना त्यांच्या तोंडाचा वास घेतला. कपाटामागे हात घालून बघितलं. काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणून माझा संशय कमी होण्याऐवजी वाढत गेला. हे लिहिताना आजही मला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. एका सोमवारी ते पूजेला बसले होते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आता ह्याच्यावर हात ठेवून सांगा." आम्हा लिंगायतांत लिंगावर हात ठेवून खोटं बोलणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यांनी उजवा हात वर ठेवला आणि म्हणाले, "मी दारू पीत न्हाय. कधी प्यालो न्हाय." त्यानंतर ते पूजा न करताच उठले. पुढचे बारा दिवस त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नाही. पाणी हवं असलं तर भांडं पुढे सरकवायचे. आणि खरं सांगते, शपथ घेतल्यावरसुद्धा मी मनात म्हणत होते, माणूस मरणाच्या भीतीनं काहीही बोलतो.

त्या बारा दिवसांत डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढायला सांगितला. तो आला तेव्हा त्यात यकृताच्या जागी आणि डाव्या बाजूला पाणथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, जागी बारीक पांढरे ठिपके भरले होते, कुणी पीठ भुरभुरावं तसे. डॉक्टरांना वाटलं, फिल्म धुताना बिघडली. दुसरी काढली, तीही तशीच. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "बाई, मला ह्याचा अर्थ लागत नाही. ही एक घरी घेऊन जा, एक मी ठेवतो. बघू कुणाला दाखवता येईल."

फिल्मचं पाकीट घेऊन मी घरी न जाता सिद्धेश्वराच्या देवळात गेले. भर दुपार होती, तळ्याकडून गरम वारा येत होता. मी हात जोडले नाहीत. गाभाऱ्यासमोर उभी राहून मनात म्हणाले, ते पीत असतील तर मला स्वच्छ कळू दे, म्हणजे मी त्यांना शिव्या देऊन तरी मोकळी होईन. पीत नसतील तर त्यांना बरं कर. दोन्हींतलं एक दे. देवाला अशी अट घालून मी बाहेर पडले. घरी जाववेना, म्हणून शेजारच्या किल्ल्याच्या बागेत एका बाकावर बसले, आणि उगीचच ती फिल्म काढून उन्हाकडे धरली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसले होते. अक्कलकोटला लेकीकडे जायची गाडी चुकली म्हणून ते सावलीला थांबले होते, हे मला नंतर कळलं. "बेटी, ये फोटू किसका है?" त्यांनी विचारलं. मी पटकन फिल्म खाली घेतली. मग ते मराठीत बोलले, "रागावू नका. मी मिलिटरीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला होतो, लई वर्सं. जरा बगू द्या." त्यांची नखं तपकिरी पडलेली होती, फिल्म धुण्याच्या औषधानं पडतात तशी. मी पाकीट दिलं.

त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि धरूनच राहिले. "हे फौजेत होते का?"

"होते. लग्नाच्या आधी."

"जखम झाली होती? पायाला, डोक्याला?"

ट्रक उलटून मांडी चिरडली होती, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या मांडीवर ती खूण होती. मी तसं सांगितलं.

"मग रगेत, म्हंजी रक्ताच्या नळीत, औषध सोडून फोटो काढला असंल. रग कुटं तुटली ते दिसावं म्हणून. थोरियमचं औषध होतं ते. फोटो लई साफ यायचा. पर ते औषध अंगातनं भाईर पडत न्हाय, बेटी. लिव्हरमदी आन पाणथरीमदी बसून ऱ्हातं. हे ठिपके त्याचेच हायेत. मी असे फोटो नंतर बी बगितलेत. वीस-पंचवीस वर्सांनी त्यातनं कॅन्सर होतो, आसं आमच्या साहेबांनी शेवटी शेवटी सांगितलं."

मी विचारलं, "दारूनं नाही?"

"दारूचा ह्यात काय संबंद? घरी जाऊन त्यांना इचारा. व्हय म्हटले तर डॉक्टरला हे नाव सांगा." खिशातल्या पेन्सिलीनं त्यांनी पाकिटाच्या कोपऱ्यावर इंग्रजीत तो शब्द लिहिला. मग फिल्म परत देताना खाली बघत म्हणाले, "किती जनांची सुई मी माझ्या हातानं भरून दिली. तवा कुनाला ठावं न्हवतं. अल्ला माफ करो." त्यांच्या पुढच्या गाडीची वेळ झाली होती. ते उठले आणि फाटकाकडे गेले. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

घरी आले तर यजमान भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खाली जमिनीवर बसले आणि विचारलं, "अहो, मांडीला लागलं तेव्हा सुईतनं काही औषध सोडलं होतं का?" बारा दिवसांनी ते पहिल्यांदा बोलले. "व्हय. सगळा पाय जळाल्यागत झाला होता. घट्ट धरून ठेवलं होतं मला. का?" मग मी सगळं सांगितलं. बागेतला म्हातारा, ठिपके, आणि त्या औषधातून पुढे काय होतं तेसुद्धा. कॅन्सर हा शब्द मीच त्यांना सांगितला, डॉक्टरांच्या आधी. त्यांनी तो शांतपणे ऐकला. मला रडू आवरेना. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दुखण्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "लिंगावर हात ठेवाय लावलंस, ते लागलं." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आमच्या घरच्या कन्नडमध्ये म्हणाले, "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोडून दे.

डॉक्टरांनी पाकिटावरचा शब्द वाचला, यजमानांना पुन्हा सगळं विचारलं, आणि त्याच दिवशी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाला पत्र लिहिलं. दीर बरोबर आले. तिथे पोट उघडून यकृताचा छोटा तुकडा काढला, कारण नुसत्या सुईनं पुन्हा रक्तस्राव झाला असता. तुकडा तपासायला आठवडा लागला. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा यकृताच्या पेशींतून उठतो, कधी पित्ताच्या नळ्यांतून. हा त्यातला नव्हता. हा यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून उठलेला, फार क्वचित दिसणारा. त्यांनी स्वतः तो आजवर पुस्तकातच वाचला होता. उपाय नव्हता. मी एकच विनंती केली, की दारूशी ह्याचा संबंध नाही हे त्यांनी माझ्या दिरांसमोर सांगावं. त्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत दीर खिडकीबाहेर बघत बसले. दौंड गेल्यावर भावाचे पाय आपल्या मांडीवर घेऊन ते सोलापूरपर्यंत दाबत राहिले.

त्यानंतर यजमान साडेतीन महिने होते. ते महिने सोपे नव्हते. पोटात पाणी व्हायचं, ते काढलं तर लाल निघायचं. शेवटी शेवटी भाताची पेजही पोटात ठरत नव्हती. पण त्या दिवसांत ते माझ्याशी जितकं बोलले, तितकं सत्तावीस वर्षांत बोलले नव्हते. ट्रक कुठल्या घाटात उलटला, शेजारच्या खाटेवरचा पोरगा कसा गेला, घरी परतल्यावर हे कुणाला सांगावंसं का वाटलं नाही. मी ऐकत होते. कार्तिकात एका पहाटे, माझा हात हातात असताना, त्यांचा श्वास थांबला.

त्या म्हाताऱ्याला शोधायला मी नंतर पुष्कळदा बागेत गेले. एकदा अक्कलकोटलाही जाऊन विचारलं. पत्ता लागला नाही. लोक म्हणतात, देवच त्या रूपानं आला. मी तसं म्हणत नाही. ते एक खरे, थकलेले गृहस्थ होते, त्यांच्या मनावर त्यांचं स्वतःचं ओझं होतं. पण त्यांची गाडी त्याच दुपारी चुकली, आणि ते त्याच बाकावर बसले. त्यात माझी काही करामत नव्हती, एवढंच मला कळतं.

मी देवाकडे दोन्हींतलं एक मागितलं होतं. त्यानं दोन्हींतलं एकही दिलं नाही. ते पीत नव्हते, आणि ते बरेही झाले नाहीत. अट घालून मागणाऱ्याला काय द्यायचं, हे त्यानंच ठरवलं. साडेतीन महिन्यांऐवजी साडेतीन वर्षं का नाही, हे मी पुष्कळ दिवस विचारत होते. हळूहळू विचारायचं थांबले. उत्तर मिळालं म्हणून नव्हे. एवढंच मनात येत राहिलं, की ती गाडी वेळेवर गेली असती, तर मी माझ्या माणसाला संशय घेऊनच पुरलं असतं, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्याला खोटा समजून त्याच्यासाठी दिवा लावला असता. त्यापासून मला वाचवलं गेलं. ते माझ्या पुण्याईनं झालं नाही, कारण त्या दुपारी माझ्याजवळ कसलीच पुण्याई नव्हती.