तीस मिलिलिटर विजया

बेंगळुरूच्या विमानतळावर माझी पिशवी पट्ट्यावरून यंत्राच्या तोंडात सरकली, तेव्हा मला काहीच वाटले नाही. भीती वाटायला हवी होती. पिशवीत तपकिरी काचेची तीस मिलिलिटरची बाटली होती, सोबत वैद्यांची चिठ्ठी आणि तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तपासण्यांचे कागद. बाटलीवर एक हिरवे पान छापलेले होते आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक. ते भांगेच्या पानांचे तेल होते. आयुर्वेदात त्या झाडाला विजया म्हणतात. हे औषध कर्नाटकात चिठ्ठीवर चालते, महाराष्ट्रातही चालते, असे वैद्यांनी सांगितले होते. मधल्या आकाशात काय चालते, हे मात्र त्यांना सांगता आले नव्हते.

तपासणीच्या तरुणीने बाटली उजेडात धरली, पान पाहिले, चिठ्ठी पाहिली. मग पुढे जाण्याची खूण केली. विमानात मी कपाळ खिडकीला टेकवून बसले. काच गार होती एवढे कळत होते. त्यापलीकडे काही नाही. गेले चार महिने असेच चालले होते. तात्यांच्या हाडांत कॅन्सर उतरला आणि माझ्या अंगातून काहीतरी निघून गेले.

उतरल्यावर गाडीने गावाकडे जाताना बारामतीत थांबून मी तात्यांच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणे थांबायचे, पण अन्न पोटात ठरायचे नाही, म्हणून तात्यांनी त्या सोडल्या होत्या. डॉक्टरांनी लेबल दोनदा वाचले. "पाच थेंब. त्याहून जास्त नको," म्हणाले. काटेवाडीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगू लागली. हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोडवा होता. लहानपणी त्या वासाने भूक लागायची. आता तो नुसता नाकाशी येऊन थांबला.

निरवांगीत पोहोचले तेव्हा दुपार कलत होती. तात्या पडवीत खाटेवर कुशीवर होते, गुडघे पोटाशी, जबडा आवळलेला. मी जिभेखाली पाच थेंब सोडले. त्यांनी क्षणभर ते तोंडात धरले आणि फुलपात्रात थुंकून टाकले.

"कशाचं हाय हे?"

"वैद्यांनी दिलंय, तात्या. वनस्पतीचं आहे."

"मला वास ठावा हाय ह्यो. मी पंच हुतो."

तेव्हा मला त्यांचा तो सदरा आठवला. मी नववीत होते. शेजारच्या रानात, उसाच्या पोटात लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, तेव्हा गावातला सरळ माणूस म्हणून त्यांनी तात्यांना पंच केले होते. दिवसभर झाडे मोजून, पंचनाम्यावर सही करून ते परतले, तर सदऱ्याला झेंडूची पाने चुरगळल्यासारखा कडू, ओला, हिरवा वास येत होता. आईने तो दोनदा धुतला. ज्यांचे रान होते त्या आबांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते तात्यांशी एक शब्दही बोलले नाहीत. दोन्ही रानांना एकच बांध होता. पाण्याची पाळी बदलली की खूण म्हणून बांधावर फावडे उभे करायचे, तेवढाच व्यवहार.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. हे पानांचे आहे, आबांच्या रानात फुलोऱ्याचे शेंडे होते, कायद्यात दोन्ही वेगळे, हेही समजावले.

"झाड येकच की," तात्या म्हणाले. "मला चालतं आन त्याला न्हाय चाललं, व्हय? बोलव त्याला."

"आता गावभर करायचं हाय का?" आई म्हणाली. "गप घ्या की."

"तो हितं येऊस्तवर मी थेंब घेनार न्हाय."

मी बांध ओलांडून गेले. आबा गोठ्यात म्हशींना कडबा टाकत होते. "तात्या बोलवतायत," मी म्हणाले.

"गेलं का काय?"

"नाही."

"मग बोलावत्यात कशाला?" असे म्हणत त्यांनी हात धुतले आणि टोपी घातली.

ते खाटेजवळच्या खुर्चीत बसले. बाटली उचलून, बूच काढून त्यांनी हुंगले. "लई पातळ केलंय," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुठनं आनलं?"

"बेंगळुरूहून. विमानानं."

"पोलिसांच्या म्होरनं?"

"हो."

"म्हंजी मी इमानानं जायला पायजे हुतं."

तात्यांनी डोळे उघडले.

"आबा, मी दिसलं त्येच लिवलं. सही खोटी न्हवती."

"खोटी कुठं म्हनतोय मी?"

"पन आता मला हे घ्यायचं हाय. घेऊ का नगं, तुमी सांगा."

आबांनी बाटलीवरच्या पानावरून अंगठा फिरवला. "मी आत असताना आई गेली माझी," ते म्हणाले. "खांदा तुमी दिला म्हनं."

"दिला."

"मी नगं म्हनलं तर?"

"न्हाय घेनार."

"दुखत पडशाल."

"पडंन."

आबांनी बूच लावून बाटली स्टुलावर ठेवली. "मला कुनी इच्यारलं हुतं का तवा?" एवढे बोलून ते बांध ओलांडून निघून गेले.

त्या रात्री तात्या ओरडले नाहीत. दातांवर दात घासल्याचा आवाज मात्र येत राहिला, जात्यात खडा अडकल्यासारखा. बाटली हाताच्या अंतरावर होती. राज्याची हद्द ओलांडून आणलेली वस्तू मला स्टुलावरून खाटेपर्यंत नेता येत नव्हती. मला आबांचा राग यायला हवा होता, तात्यांचाही. मी फक्त त्यांचे तळपाय हातात धरून बसले. ते गार होते आणि माझे हातही गार होते, त्यामुळे कुठे काय संपते ते कळत नव्हते.

उजाडल्यावर आबा आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर, चपला न काढता उभे राहिले.

"द्या त्यास्नी," म्हणाले.

तात्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. मी पाच थेंब मोजले. या वेळी त्यांनी ते थुंकले नाहीत.

"किती टाइम लागतो?" आबांनी विचारले.

"अर्धा तास."

ते पायरीवर बसले. आईने चहा दिला, तो त्यांनी घेतला. रस्त्यावरून कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. अर्ध्या तासाच्या थोडे पुढेमागे तात्यांचा जबडा सैल झाला, मग खांदा, मग पोटाशी घेतलेले गुडघे एकेक करून सरळ झाले. आबा पायरीवरून मान उंचावून ते पाहत होते. पाहून झाल्यावर त्यांनी कप पायरीवर पालथा घातला आणि ते उसाला पाणी धरायला निघून गेले.