सहा चार्ट, एक सेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. माझ्या फजित्या तुम्हाला पाठ आहेत — दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ऑडिटला गेलो ती, रजेचा अर्ज अख्ख्या प्लँटला मेल केला ती. त्या मी स्वतःच तिखटमीठ लावून सांगतो. स्वतःवर हसणाऱ्या माणसाची कुणी झडती घेत नाही ना! पण हे — हे त्यातलं नाही.

सुप्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला. दत्ता मशीनवर, कंत्राटी. जामखेडकडचा, आईबाप दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणारे. साहेब त्याला ऑफिसात टेबल देणार होते — महिन्याच्या मीटिंगमध्ये रिजेक्ट मालाचे चार्ट नीट दाखवले की झालं. शिकवायचं मी.

शिकवलंही. एक्सेलमध्ये सहा मशीनचे सहा चार्ट. शीर्षकावर क्लिक कर, वरच्या पट्टीत बरोबरचं (=) चिन्ह टाक, मग शीटवरचा एक चौकोन, म्हणजे सेल, दाखव. मग त्या एका सेलमध्ये लिहिशील तेच सहाही चार्टांवर. काय हरखला होता! बोलायला घाबरायचा, म्हणून हेही मीच सांगितलं — लोकांकडे बघूच नको, आधी शीर्षक मोठ्यानं वाच, मग आकडे.

आणि एक दिवस साहेब म्हणाले, हा तुमच्यापेक्षा लवकर शिकला की हो! हसत म्हणाले. मीही हसलो. एवढंच. याहून मोठं कारण असायला नको का? शोधलं — नाही सापडत.

मीटिंगला मी शेवटच्या रांगेत. फाइल शेअर केलेली, माझ्याही लॅपटॉपवर उघडी. तो कडक इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला, आणि मी त्या सेलमध्ये लिहिलं — 'रिजेक्ट माल : जामखेडचा कोयता'. ऊसतोड मजुराला आमच्याकडे कोयताच म्हणतात. एंटर.

त्यानं वाचलं. खणखणीत, शिकवल्यासारखं. कळलं ते वाचून झाल्यावर. खोली हसली. तो घाईनं दुसऱ्या चार्टवर गेला — तिथंही तेच. तिसऱ्यावर. पार सहाव्यापर्यंत गेला हो तो! आणि मी? मी मोजत होतो.

मग मीच उठून सेल दुरुस्त केला. "फाइल सांभाळता येत नाही, टेबल काय सांभाळणार?" साहेब म्हणाले. टेबल गेलं.

चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं, "कोनी केलं आसंल वो भाऊ?" मी विचारात पडल्यासारखं केलं — आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या दोस्ताचं नाव घेतलं. का? ते तर आधी ठरलेलंही नव्हतं. तोंडात आलं, सोडून दिलं.

"व्हय? त्यो बी?" एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं खोली बदलली. दोघं आता एकाच शिफ्टला असतात, बोलत नाहीत.

दत्ता अजून मशीनवर आहे. दर थंडीत गावाहून माझ्यासाठी हुरडा आणतो. "हितं तुमीच एक आपलं मानूस, भाऊ."

मी हुरडा खातो. गोड असतो.