दाजींना बॉल देऊ नका

अंबडच्या शाळेतले साळवे सर नसते, तर जालन्याच्या त्या ग्राउंडवर मी मार खायलाही पोचलो नसतो. दहावीनंतर वडिलांबरोबर दुसऱ्याच्या शेतात कामाला लागलो असतो. सरांनी घरी येऊन वडिलांना पटवलं, म्हणून आमच्या घरात पहिला पदवीधर झाला. पुढे एम.पी.एड. केलं आणि परतूर तालुक्यातल्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर झालो. पदाचं नाव भारी आहे. काम म्हणजे खेळ शिकवणं, बॉलमध्ये हवा भरणं आणि ग्राउंडवरची गुरं हाकलणं.

तर त्या दिवशी जालन्याच्या एका कॉलेजाशी आमच्या मुलांची बास्केटबॉलची प्रॅक्टिस मॅच होती आणि आम्ही सपाटून हरत होतो. नव्वदच्या दशकातला तो माझा नोकरीतला पहिला मोसम. आमची मुलं दणकट होती, पळत होती, उड्याही चांगल्या मारत होती. तरी बॉल हातचा जात होता. कारण मला समोरच्या संघाकडूनच कळलं. त्यांचा कॅप्टन ओरडला, "अरे, दाजी को पकडो रे! जिधर दाजी, उधर बॉल!"

सगळे हसले. मी मात्र नीट बघायला लागलो. त्याचं बरोबर होतं.

आमचा सेंटर अंकुश. सेंटर म्हणजे बास्केटजवळ उभा राहणारा उंच खेळाडू. अंकुशचं लग्न झालेलं होतं, सासुरवाडी वाटूर. आमचा गार्ड विष्णू हा त्याचा सख्खा मेहुणा. गार्ड बॉल पुढे आणतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो. संघातली आणखी दोन मुलं वाटूरचीच होती. गावची लेक ती सगळ्या गावाची बहीण, त्यामुळे अंकुश त्यांचाही दाजी. पास देताना ज्याला द्यायचा त्याला हाक मारा, म्हणजे तो तयार राहील, हा नियम मीच घातला होता. ग्राउंडभर नुसतं "दाजी! दाजी! घ्या दाजी!" चालू होतं. त्याच्याभोवती तीन-तीन जण उभे असले, तरी बॉल त्यालाच.

परत आल्यावर प्रिन्सिपॉल साहेबांनी बोलावलं.

"पवार, तुमची नेमणुकीची ऑर्डर एका वर्षाची आहे, माहीत आहे ना?"

"हो सर."

"मॅनेजमेंट विचारतंय, ही पोस्ट हवी कशाला? झोनमध्ये निदान फायनलला पोचा. मग पुढच्या ऑर्डरचं मी बोलतो."

झोन म्हणजे आसपासच्या कॉलेजांची स्पर्धा. माझ्या नोकरीवर घरची पाच माणसं होती. मी विष्णूला बाजूला घेतलं.

"मोकळ्या माणसाला बॉल का देत नाहीस?"

"सर, दाजी हात पुढं करून राह्यले अन् मी दुसऱ्याला देऊ? बहीण नांदती माझी तिथं."

"अरे, तो बॉल आहे. मानाचा आहेर नाही."

"तुम्हाला तसं वाटतंय, सर. दाजींना न्हाई म्हणायचं कसं?"

मी त्याला अंकुश म्हणून हाक मारायला लावलं. त्याची जीभ रेटेना. मग जर्सीचे नंबर घेऊन हाक मारा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटूरचा एक जण ओरडला, "आठ नंबर दाजी, घ्या!"

शेवटी वाटलं, सवय मोडत नाही तर तीच वापरावी. सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणालो, "हाक दाजींनाच मारायची. बॉल मात्र दुसऱ्याला द्यायचा. ते दाजींना घेरतील, दुसरा मोकळा राहील."

सगळे अंकुशकडे बघायला लागले. तो खाली बघत बुटाची लेस ओढत होता.

"म्हणजे सर, सासुरवाडीत पाट मांडायचा, जावयाला बसवायचं अन् ताटच वाढायचं न्हाई. असंच ना?"

"तसंच."

"समद्या गावासमोर?"

"पूर्ण झोनसमोर."

तो हसला. "चालतंय. पण विष्णू, हे तुझ्या बहिणीला मी सांगतो. तू सांगू नको. तू सांगशील तर ती म्हणेल, माझ्या मालकाला उपाशी ठेवलं."

सगळे खो-खो हसले. विष्णू हसला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात सुटले.

झोनमध्ये ही युक्ती चालली. "दाजी घ्या!" म्हटलं की समोरचे तिकडे धावत आणि इकडे आमचा मुलगा आरामात बास्केट करी. अंकुश प्रत्येक वेळी हात पुढे करायचा आणि रिकामे हात खाली घ्यायचा. मला त्याचं वाईट वाटायचं. आपल्याला बॉल मिळणार नाही हे माहीत असून जीव तोडून पळणं सोपं नसतं.

सेमीफायनलला तेच जालन्याचं कॉलेज आलं. हाफ टाइमनंतर त्यांना युक्ती कळली. त्यांचा कॅप्टन ओरडला, "दाजी झूट है! दाजी को छोडो!" त्यांनी अंकुशला सोडलं आणि बाकीच्यांना जखडलं. आमची आघाडी गेली. शेवटी आम्ही एका पॉइंटने मागे होतो आणि बॉल विष्णूकडे होता.

तो "दाजी!" म्हणून ओरडला. त्यांच्यातला कोणी हलला नाही. पण अंकुशही हलला नाही. ही हाक आपल्यासाठी नाही, असं महिनाभर आम्हीच त्याला शिकवलं होतं. तो दुसरीकडे तोंड करून उभा होता.

विष्णूने माझ्याकडे बघितलं. मग तो सगळं ग्राउंड ऐकेल असा ओरडला, "अंकुश! ए अंकुश, घे!"

अंकुश गर्रकन वळला. समोरचे एकमेकांकडे बघत राहिले. अंकुश कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. बॉल बास्केटमध्ये पडला आणि शिट्टी झाली.

मुलं नाचत होती. विष्णू मात्र अंकुशच्या पायाशी वाकला होता. "दाजी, चुकलं. नाव घेतलं."

अंकुशने त्याला उभं केलं. "नुसतं नाव? अरे-तुरे बी केलं! आता घरी दाजीच म्हण, न्हाईतर तुझी बहीण दोघांनाबी जेवू घालायची न्हाई."

फायनल आम्ही हरलो. समोरचा संघ आमच्यापेक्षा चांगला होता, एवढंच. आठवड्याने साळवे सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सविनय जयभीम. आम्ही फायनलपर्यंत पोचलो. पुढची ऑर्डर मिळाली, तीही एका वर्षाचीच. मुलांना खेळाचे नियम शिकवले, पण कोण कोणाचं काय लागतं हे विचारायचं राहिलं होतं. पुढच्या वेळी टीम निवडताना उंचीच्या आधी तेच विचारणार आहे. तुम्ही त्या वेळी घरी आला नसता तर हे शिकायलाही मिळालं नसतं. अंकुश आणि विष्णू दोघेही पुढच्या वर्षी आहेत. विष्णूची सोयरीक जमते आहे. मुलगी आमच्या दुसऱ्या गार्डची बहीण. म्हणजे संघात आता दोन दाजी होणार. काही उपाय सुचला तर कळवावे. आपला विद्यार्थी."